दप्तरखान्याशी वाट तुटते तेव्हा
डेटाबेसची जोडणी खंडित झाल्यास संगणकीय सेवेने कसे वागावे, याचा विचार

शासनाचे पुष्कळसे व्यवहार आता संगणकाच्या पडद्यावर येऊन पोहोचले आहेत. जमिनीचा उतारा, जन्माचा दाखला, उत्पन्नाचे प्रमाणपत्र, शिष्यवृत्तीचा अर्ज, घरपट्टीचा भरणा या सर्व कामांसाठी ग्रामस्थ आता नागरी सेवा केंद्राची किंवा स्वतःच्या हातातील दूरध्वनीची वाट धरतात. या सोयीमुळे कचेरीचे हेलपाटे निश्चितच कमी झाले. तथापि या व्यवहारात एक प्रसंग असा येतो की, ज्याने नागरिक, कर्मचारी आणि अधिकारी हे तिघेही सारखेच हतबल होतात. पडद्यावर न समजणाऱ्या अक्षरांच्या ओळी उमटतात, किंवा नुसतेच एक चक्र फिरत राहते, आणि खिडकीवरून उत्तर मिळते, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या."

दोन बसगाड्या बदलून आलेल्या, दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसाला या शब्दांतून काहीच कळत नाही. आपला अर्ज नोंदला गेला की नाही? शुल्क कापले गेले की नाही? उद्या खरोखरच काम होईल काय? मुदतीचा आज शेवटचा दिवस असेल तर जबाबदारी कोणाची? या प्रश्नांची उत्तरे यंत्रणेने द्यावयास हवीत, आणि ती देता येतात. यंत्रणा कधी बंद पडणारच नाही, अशी हमी जगात कोणीही देऊ शकत नाही. मात्र बंद पडल्यावर तिने कसे वागावे, हे आधी ठरवून ठेवणे सर्वस्वी माणसाच्या हाती आहे. त्या वागणुकीचा परिचय करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

खिडकी आणि दप्तरखाना

जुन्या कचेरीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. समोर खिडकी असते, तेथे कारकून बसतो. आत दप्तरखाना असतो, तेथे नोंदवह्या रचून ठेवलेल्या असतात. नागरिकाचे बोलणे कारकुनाशी होते. दप्तरखान्यात तो स्वतः जात नाही. कारकून आत जातो, वही काढतो, नोंद पाहतो आणि नक्कल करून बाहेर देतो.

संगणकीय सेवेची रचना अशीच असते. पडद्यावरील पृष्ठे सिद्ध करणारा कार्यक्रम हा खिडकीवरचा कारकून होय, आणि डेटाबेस हा दप्तरखाना होय. हे दोन्ही बहुधा वेगवेगळ्या यंत्रांवर, कधी वेगवेगळ्या इमारतींतही असतात. त्यांच्यामधील बोलण्याच्या वाटेला जोडणी म्हणतात. नोंदी तक्त्यांच्या स्वरूपात मांडून त्यांचे परस्परसंबंध ठेवण्याची जी पद्धत आज बहुतेक डेटाबेस वापरतात, तिचा पाया एडगर कॉड या संशोधकाने १९७० साली आपल्या निबंधात घातला.

कारकुनाचे काम करणारा कार्यक्रम प्रत्येक वेळी मुळापासून लिहावा लागू नये, म्हणून तयार चौकटी उपलब्ध आहेत. उदाहरणासाठी आपण जँगो ही चौकट घेऊ. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे गाव आहे. तेथील एका वृत्तपत्राच्या संगणक विभागात एड्रियन होलोवाटी व सायमन विलिसन यांनी २००३ साली तिची सुरुवात केली, आणि २००५ च्या जुलै महिन्यात ती सर्वांसाठी खुली झाली. जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून तिचे नाव ठेवलेले आहे. ती पायथन भाषेत लिहिलेली असून विनामूल्य मिळते. तिच्यासोबत पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल हे डेटाबेस बहुधा वापरले जातात. येथे जे सांगितले आहे ते तत्त्वतः इतर चौकटींसही लागू पडते. केवळ नावे बदलतात.

वाट कोणकोणत्या कारणांनी तुटते?

पहिले कारण अगदी उघड आहे. डेटाबेसचे यंत्र किंवा त्यावरील कार्यक्रम बंद पडलेला असतो. यंत्र चालू पण कार्यक्रम बंद, अशी स्थिती असल्यास जोडणीची मागणी तत्काळ नाकारली जाते. कारकून दप्तरखान्याच्या दाराशी जातो आणि कुलूप पाहून लगेच परत येतो, तसेच हे आहे. हा बिघाड त्यातल्या त्यात बरा, कारण उत्तर चटकन मिळते.

दुसरे कारण अधिक त्रासदायक असते. मधली तारच तुटते किंवा मधले उपकरण निकामी होते. मग मागणीला नकारही मिळत नाही आणि होकारही मिळत नाही. लिनक्स प्रणालीच्या नेहमीच्या मांडणीत अशी मागणी पुन्हा पुन्हा पाठवून सुमारे दोन मिनिटे वाट पाहिली जाते. जोडणी आधी झालेली असून उत्तराची वाट पाहताना तार तुटली, तर प्रतीक्षा त्याहूनही लांबते. पलीकडचा पक्ष जिवंत आहे काय, याची पहिली चाचपणी करण्याची सोय वापरली, तरी त्या प्रणालीत तिची मूळ मुदत ७,२०० सेकंद, म्हणजे दोन तास आहे.

तिसरे कारण गर्दीचे. पोस्टग्रेसमध्ये एका वेळी होणाऱ्या जोडण्यांची मर्यादा, कोणी बदलली नसल्यास, १०० असते, व त्यांपैकी ३ व्यवस्थापकासाठी राखून ठेवलेल्या असतात. मायएसक्यूएलमध्ये ही मूळ मर्यादा १५१ आहे. समजा, खिडकीचे काम सहा यंत्रांवर चालते व प्रत्येक यंत्रावर २० कारकून-कार्यक्रम आहेत. एकूण १२० झाले. एरवी ते सगळे एकाच वेळी कामात नसल्याने काहीच अडत नाही. परंतु मुदतीच्या शेवटच्या दिवशी सर्वांना एकदम दप्तरखाना हवा असतो, आणि पोस्टग्रेसचे दार ९७ नंतर बंद होते. डेटाबेस पूर्णतः निरोगी असूनही उरलेल्या २३ खिडक्यांवर बिघाडाचा संदेश उमटतो. मुदतीच्याच दिवशी यंत्रणा का कोसळते, या नेहमीच्या तक्रारीचे एक साधे कारण या बेरजेत आहे.

चौथे कारण निष्क्रियतेचे. मायएसक्यूएल एखाद्या जोडणीवर २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास काहीच हालचाल झाली नाही, तर मूळ मांडणीप्रमाणे ती आपल्या बाजूने बंद करते. कार्यक्रमाने जोडणी उघडी ठेवलेली असेल तर त्याला हे कळत नाही. संध्याकाळी कचेरी बंद होते, रात्रभर शांतता असते, आणि सकाळी पहिला नागरिक आला की मृत वाटेवरून मागणी पाठवली जाते. पहिल्याला बिघाड दिसतो, दुसऱ्याचे काम होते. "रोज सकाळी एकदा असे होते, मग सुरळीत चालते" असे कर्मचारी सांगतात, त्यामागे कित्येकदा हेच असते.

यांखेरीज संकेतशब्द बदलला पण तो खिडकीच्या कार्यक्रमात बदलला नाही, किंवा साठवणुकीची जागा भरून गेली, अशी मानवी दुर्लक्षातून उद्भवणारी कारणे आहेत. ती संख्येने थोडी नसतात.

त्रेचाळीस सेकंदांची कथा

हा प्रश्न केवळ लहान कचेऱ्यांचा आहे असे कोणी समजू नये. जगभरातील संगणक-कार्यक्रमांचे लेखन जेथे साठवले जाते त्या गिटहब या संस्थेत २१ ऑक्टोबर २०१८ रोजी, भारतीय वेळेप्रमाणे २२ ऑक्टोबरच्या पहाटे, नेहमीच्या देखभालीचे काम चालू होते. एक सदोष उपकरण बदलताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील त्यांच्या दोन केंद्रांमधील संपर्क ४३ सेकंद तुटला. तेवढ्या अवधीत स्वयंचलित व्यवस्थेने मुख्य डेटाबेसचा मान पश्चिम किनाऱ्यावरील केंद्राकडे दिला. संपर्क पुन्हा जुळला, पण तोवर दोन्ही किनाऱ्यांवर अशा काही नोंदी लिहिल्या गेल्या होत्या की ज्या दुसऱ्या बाजूस नव्हत्या. दप्तर एक आणि खरी वही दोन, अशी ही अवस्था झाली.

ती निस्तरण्यास २४ तास ११ मिनिटे लागली. या काळात लोकांना काही ठिकाणी जुनी व विसंगत माहिती दिसत होती आणि काही सेवा संस्थेने स्वतःहून थांबवल्या होत्या. घाई करून सेवा लवकर पूर्ववत करण्यापेक्षा नोंदींची अखंडता राखणे संस्थेने श्रेयस्कर मानले व आपल्या अहवालात तसे जाहीर केले. या प्रसंगापासून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. वाट काही सेकंदच तुटली तरी परिणाम दिवसभर टिकू शकतो. आणि वेग व खरेपणा यांपैकी एकाचीच निवड करणे भाग पडले, तर दप्तराच्या कामात खरेपणा आधी येतो.

चार चुकीच्या रीती

जोडणी तुटल्यावर सदोष कार्यक्रम चार प्रकारे वागताना आढळतात.

पहिला प्रकार म्हणजे आतील सर्व तांत्रिक मजकूर नागरिकापुढे ओतणे. जँगोमध्ये कार्यक्रम लिहिणाऱ्याच्या सोयीसाठी दोषशोधनाची एक अवस्था असते. ती चालू राहिल्यास बिघाड होताच कार्यक्रमाच्या ओळी, फाइलींचे मार्ग आणि मांडणीचा तपशील पडद्यावर येतो. संकेतशब्दासारख्या गोष्टी जँगो झाकून ठेवते हे खरे. तथापि उरलेला तपशीलही वाईट हेतूच्या माणसास उपयोगी पडतो, आणि नागरिकास त्याचा काहीच उपयोग नसतो. सेवा लोकांसाठी खुली करताना ही अवस्था बंद असलीच पाहिजे.

दुसरा प्रकार अनंत प्रतीक्षेचा. चक्र फिरत राहते, माणूस कंटाळून पुन्हा कळ दाबतो, आणि एका मागणीच्या चार होतात.

तिसरा प्रकार खोट्या यशाचा. नोंद झालीच नाही, तरी "आपला अर्ज स्वीकारला आहे" असा संदेश दिला जातो. त्याची लबाडी महिन्याभराने, अर्जाची चौकशी केल्यावर उघडकीस येते. तोवर मुदत संपलेली असते.

चौथा प्रकार सर्वांत घातक असून दिसावयास सर्वांत निरुपद्रवी आहे. कार्यक्रम लिहिणारा बिघाडाचा संदेश गिळून टाकतो आणि त्याऐवजी रिकामी यादी पुढे करतो. पडद्यावर शांतपणे उमटते, "या नावावर कोणतीही नोंद आढळली नाही." गोव्यातील शेतकरी एक-चौदाचा उतारा पाहावयास जातो, महाराष्ट्रातील सातबारा पाहावयास जातो, आणि त्याला सांगण्यात येते की जमिनीवर तुझे नाव नाही. वास्तविक दप्तर उघडलेलेच नसते. 'नोंद नाही' आणि 'नोंद पाहता आली नाही' या दोन वाक्यांतील अंतर हे कुळाच्या हक्काइतके, विधवेच्या निवृत्तिवेतनाइतके मोठे आहे. एखाद्या कारकुनाने कुलूप पाहून परत यावे व वहीत नाव नाही असे सांगावे, तर त्याची खातेनिहाय चौकशी होईल. यंत्राला निराळा न्याय लावण्याचे कारण नाही.

योग्य रीतीच्या पायऱ्या

प्रथम प्रतीक्षेला मर्यादा घालावी. जँगोच्या डेटाबेसविषयक मांडणीत जोडणीची कालमर्यादा लिहिता येते. ती पाच सेकंदांची ठेवली असे समजू. एका यंत्रावरील २० कारकून-कार्यक्रम प्रत्येकी दोन मिनिटे अडकून राहिले, तर मिनिटाला केवळ १० नागरिकांना उत्तर मिळते. मर्यादा पाच सेकंदांची असेल तर मिनिटाला २४० जणांना, नकाराचे का होईना, उत्तर मिळते. शिवाय ज्या पृष्ठांना डेटाबेसची गरजच नसते, उदाहरणार्थ कार्यालयाची वेळ, लागणाऱ्या कागदपत्रांची यादी, कोरा नमुना, ती पृष्ठे चालू राहतात.

दुसरी पायरी म्हणजे बिघाड एकाच ठिकाणी पकडणे. जोडणी न झाल्यास जँगो 'ऑपरेशनल एरर' नावाची सूचना उत्पन्न करते. प्रत्येक पृष्ठाच्या कार्यक्रमात ती निरनिराळ्या प्रकारे हाताळण्यापेक्षा, सर्व मागण्या जेथून जातात त्या मधल्या थरात तिची एकच व्यवस्था करावी. तेथून नागरिकास समजेल असे पृष्ठ पाठवावे व त्यासोबत ५०३ हा स्थितिक्रमांक द्यावा. ४०४ म्हणजे मागितलेली वस्तू येथे नाही; ५०० म्हणजे कार्यक्रमात दोष झाला; ५०३ म्हणजे सेवा तूर्त उपलब्ध नाही. 'रिट्राय-आफ्टर' या शीर्षकाखाली किती सेकंदांनी पुन्हा यावे, हेही कळवता येते. मात्र हीच सूचना इतर कारणांनीही, जसे एखादी नोंद दुसऱ्याने अडवून धरल्यामुळे, येऊ शकते. म्हणून मूळ संदेश नोंदवहीत जपून ठेवणे आवश्यक आहे.

येथे एक खाचखळगा सांगितला पाहिजे. दिलगिरीचे पृष्ठ स्वतः डेटाबेसवर अवलंबून नसावे. पृष्ठाच्या माथ्यावर 'नमस्कार' लिहून पुढे नागरिकाचे नाव घालण्याची हौस असली, तर ते नाव आणण्यासाठी कार्यक्रम पुन्हा त्याच बंद दाराशी जातो आणि दिलगिरीचे पृष्ठही कोसळते. याच कारणास्तव जँगोचे ५०० क्रमांकाचे मूळ पृष्ठ कोणतीही बदलती माहिती न घेता सिद्ध केले जाते. आपणही तोच धडा गिरवावा.

तिसरी पायरी पुनःप्रयत्नाची, आणि ती संयमाने चढावयाची आहे. क्षणिक बिघाडात दुसऱ्या प्रयत्नाला यश येते, हे खरे. पण हजारो मागण्या एकाच क्षणी पुन्हा धडकल्या, तर नुकताच सावध होऊ लागलेला डेटाबेस पुन्हा आडवा होतो. तीन थरांनी प्रत्येकी तीन प्रयत्न केले, तर एका मागणीच्या २७ होतात. म्हणून प्रयत्न एकाच थराने करावेत, ते मोजके असावेत, त्यांतील अंतर एक सेकंद, दोन सेकंद, चार सेकंद असे वाढते असावे, आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक ठेवावा. जत्रेत दार उघडताच सगळ्यांनी एकदम आत घुसू नये, म्हणून माणसे थोडी थोडी सोडतात, तसेच हे आहे.

चौथी पायरी फ्यूजची. घरातील विजेचा प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला की फ्यूज जातो आणि उपकरणे वाचतात. त्याच न्यायाने ठराविक संख्येने सतत अपयश आल्यावर काही काळ डेटाबेसकडे जाणेच थांबवावे व सरळ दिलगिरीचे पृष्ठ द्यावे. नंतर एखादी मागणी चाचणीसाठी सोडून पाहावी. मायकेल नायगार्ड यांच्या २००७ च्या ग्रंथामुळे ही कल्पना कार्यक्रम लिहिणाऱ्यांत विशेष रूढ झाली.

पाचवी पायरी जोडण्यांच्या निगेची. जँगो मूळ मांडणीत प्रत्येक मागणीसाठी नवी जोडणी करते व काम होताच ती सोडते. वेळ वाचावा म्हणून जोडणी उघडी ठेवण्याचा पर्याय निवडला, तर २०२२ च्या ४.१ या आवृत्तीपासून आलेली आरोग्य-तपासणीची सोयही चालू करावी, कारण ती आपोआप चालू नसते. ती असली म्हणजे प्रत्येक नव्या मागणीच्या वेळी जुनी जोडणी जिवंत आहे काय ते पाहिले जाते, आणि सकाळच्या पहिल्या नागरिकाला मृत वाट मिळत नाही. पोस्टग्रेससाठी २०२४ च्या ५.१ आवृत्तीत जोडण्यांचा सामायिक साठा ठेवण्याचीही सोय झाली आहे. अनेक यंत्रे असतील तर पीजीबाउन्सर हा मध्यस्थ कार्यक्रम शेकडो मागण्या थोड्या जोडण्यांवर वाटून देतो. तरीही १२० आणि ९७ यांची बेरीज-वजाबाकी अधिकाऱ्यांनी स्वतः एकदा मांडून पाहावी.

वाचणे वेगळे, लिहिणे वेगळे

उतारा पाहणे ही वाचण्याची क्रिया आहे. ती दहा वेळा केली तरी दप्तरात काही बदलत नाही. अर्ज दाखल करणे किंवा शुल्क भरणे ही लिहिण्याची क्रिया आहे. ती दोनदा झाली तर नागरिकाचे पैसे दोनदा जातात. म्हणून वाचण्याचा पुनःप्रयत्न निर्धास्तपणे करावा, लिहिण्याचा मात्र विचाराने.

सर्वांत अवघड क्षण असा की, कार्यक्रमाने 'नोंद कायम करा' असे सांगितले आणि उत्तर येण्यापूर्वी वाट तुटली. नोंद झाली की नाही, हे त्या क्षणी कार्यक्रमाला प्रामाणिकपणे ठाऊक नसते. यावरचा उपाय आपल्या कचेऱ्यांना जुनाच परिचयाचा आहे. तो म्हणजे आवक क्रमांक. अर्जाचा नमुना उघडतानाच त्यास एक एकमेव क्रमांक द्यावा आणि डेटाबेसमध्ये तो क्रमांक दुसऱ्यांदा लिहिला जाऊ नये, असा निर्बंध घालावा. मग शंका आल्यास तोच अर्ज त्याच क्रमांकाने पुन्हा पाठवता येतो. पहिली नोंद झालेली असेल तर दुसरी नाकारली जाते. झालेली नसेल तर आता होते. दोन्ही वेळी नोंद एकच राहते.

याच्या जोडीला 'सर्व किंवा काहीच नाही' हा नियम हवा. अर्ज, त्यासोबतची कागदपत्रे आणि शुल्काची नोंद ही एकाच व्यवहारात बांधावीत, म्हणजे वाट मध्येच तुटल्यास अर्धवट नोंद शिल्लक न राहता सर्व पूर्वस्थितीस येते. जँगोमध्ये अशी गाठ बांधण्याची सोय आहे. बँकेतून पैसे कापले जाणे हे मात्र आपल्या डेटाबेसच्या बाहेर घडते, त्यामुळे ते या गाठीत येत नाही. त्यासाठी बँकेच्या नोंदी व आपल्या नोंदी यांचा मेळ दररोज घालणे हाच मार्ग होय.

पाटीवर काय लिहावे?

जुन्या कचेरीत साहेब दौऱ्यावर गेले की दारावर पाटी लागत असे व ती पाहून माणूस परतण्याचा किंवा थांबण्याचा निर्णय घेत असे. पडद्यावरील पाटीनेही तेवढे सौजन्य दाखवावे. माहिती पाहताना अडचण आली असेल तर पुढीलप्रमाणे मजकूर असावा:

"या क्षणी नोंदी पाहता येत नाहीत. याचा अर्थ आपली नोंद नाही असा नव्हे. आपल्या नोंदी सुरक्षित आहेत की नाहीत याबद्दल या संदेशावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. कृपया पंधरा मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करावा."

अर्ज पाठवताना वाट तुटली असेल तर असा:

"आपला अर्ज नोंदला गेला किंवा नाही, हे या क्षणी सांगता येत नाही. आपला अर्ज क्रमांक लिहून ठेवावा. शुल्क पुन्हा भरू नये. याच क्रमांकाने अर्जाची स्थिती नंतर पाहता येईल. बिघाडाची वेळ कार्यालयाने नोंदवली आहे."

यातील प्रत्येक वाक्य खरे असले पाहिजे. बिघाडाची वेळ खरोखरच कार्यक्रमाच्या नोंदवहीत जावी आणि जबाबदार कर्मचाऱ्यास सूचना जावी. ही नोंदवही डेटाबेसमध्ये ठेवू नये, हे वेगळे सांगावयास नको. मुदतीच्या दिवशी बिघाड झाल्यास सवलत द्यावयाची की नाही, हा निर्णय अधिकाऱ्यांचा. परंतु तो घेण्यास लागणारा पुरावा याच नोंदवहीतून मिळतो. पाटी नागरिकाच्या भाषेत असावी, हेही ओघाने आलेच.

अधिकारी, शिक्षक व ग्रामस्थ यांस

नवी संगणकीय सेवा ताब्यात घेताना अधिकारीवर्ग सर्व काही सुरळीत असताना ती कशी चालते, हे पाहतो. यापुढे एक तास बिघाडाच्या परीक्षेसाठी राखून ठेवावा. प्रत्यक्ष सेवेवर नव्हे, तर चाचणीच्या यंत्रणेवर डेटाबेस बंद करावयास सांगावा व पडदा पाहावा. मग मधली तार काढावयास सांगावी आणि घड्याळ लावून प्रतीक्षा मोजावी. अर्ज पाठवण्याच्या क्षणी वाट तोडून नोंदी एक, दोन की शून्य झाल्या, हे तपासावे. शेवटी डेटाबेस चालू करून कोणाचाही हात न लागता सेवा पूर्ववत होते काय, ते पाहावे. या अटी करारनाम्यातच लिहिल्या असल्या तर पुढील वाद टळतात.

ज्या शाळांत संगणक-कक्ष आहे, तेथील शिक्षकांना हाच प्रयोग करून दाखवता येईल. एका संगणकावर डेटाबेस व दुसऱ्यावर जँगोचा छोटा कार्यक्रम ठेवावा. एकदा डेटाबेस बंद करावा, एकदा तार काढावी. पहिल्या वेळी नकार झटकन येतो, दुसऱ्या वेळी वर्ग ताटकळतो. 'नाही' हे उत्तर आणि उत्तरच नसणे यांतील फरक विद्यार्थ्यांच्या मनावर व्याख्यानापेक्षा या प्रयोगाने अधिक ठसतो.

ग्रामस्थांनी एवढे ध्यानात ठेवावे. "सर्व्हर डाऊन" असे ऐकल्यास पडद्यावर नेमके काय लिहिले आहे ते वाचून दाखवावयास सांगावे. दिनांक, वेळ व अर्जाचा क्रमांक टिपून घ्यावा. पैसे कापले गेल्याचा संदेश आला असेल तर तो पुसू नये, आणि पहिल्या भरण्याचा छडा लागेपर्यंत दुसरा भरणा करू नये. "नोंद आढळली नाही" असे दिसले आणि नोंद असल्याची आपली खात्री असेल, तर घाबरून न जाता दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे, आणि तरीही तेच दिसल्यास लेखी अर्ज देऊन कचेरीकडून लेखी उत्तर घ्यावे. दप्तरखान्याशी असलेली वाट पुन्हा तुटेल, हे गृहीत धरून चालावे. त्या वेळी खिडकीवरून खरे तेवढेच सांगितले जाईल, एवढी व्यवस्था आज करून ठेवता येते.